नसीमचा तास

३ नोव्हेंबर, सोमवार

सनाला लातूरला सोडून आलो. दिवाळीची सुट्टी संपली. जूनपासून तिथल्या हॉस्टेलात आहे, अकरावी सायन्स, डॉक्टर व्हायचंय. नांदेडपासून अहमदपूरपर्यंत पोरगी एक शब्द बोलली नाही. अहमदपूरला गाडी थांबली, म्हटलं चहा घे. मानेनंच नाही. माझी मुलगी आणि चहाला नाही म्हणते!

हॉस्टेलच्या फाटकाशी बॅग खाली ठेवली आणि मग बोलली.

"अब्बू, डिसेंबर लगने तक रुकती मैं. बाद में तुम लोगां इधर रैने आओ, नै तो मैं घर आ जाती. कायम की."

अभ्यास जड जातोय का विचारलं. "अभ्यास का कुछ नै. रूम में अकेलीच हूं." तिची जोडीदारीण दसऱ्याला गावी गेली ती परत आलीच नाही. बांगडी हातात वर-खाली पळतेय इतकं मनगट बारीक झालंय. दिवाळीत घरी होती तेव्हा आमच्या डोळ्यांना दिसलं कसं नाही?

"बघतो काहीतरी," म्हणून निघालो. काय बघणार कपाळ. मीच बेकार.

५ नोव्हेंबर, बुधवार

शेठच्या बंद केलेल्या प्रेसमधलं ऑफसेट मशीन आज टेम्पोत चढलं. मीच जाऊन उभा होतो, बोलावलं नव्हतं तरी. उभी हयात त्या मशीनसमोर गेली. तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडं पत्रिकांची अशी झुंबड असायची की जेवायला फुरसत नसे. आता लोक मोबाइलवरच आमंत्रण पाठवतात. शेठ म्हणाले, "रशीद, माझा हात न्हाई चालत आता. तुझं तू बघ रे बाबा."

आमच्या धंद्यात वेळेची गंमतच होती. परवा देतो म्हणायचं आणि चार दिवसांनी द्यायचं. गिऱ्हाईकही चौथ्या दिवशीच उगवायचं. मुहूर्त बारा पस्तीसचा छापायचा. छापणाऱ्याला, छापून घेणाऱ्याला, वाचणाऱ्याला, सगळ्यांना ठाऊक की अक्षता दीडच्या आत पडत नाहीत. तरी बारा पस्तीसचं बारा तीस छापलं तर भांडायला यायचे.

तीन प्रेसमध्ये विचारून आलो. एक म्हणाला सीझनला या. म्हटलं सीझनच चालू आहे भाऊ. तो हसला, मी पण हसलो, झालं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

लातूरच्या एका क्लासची जाहिरात. सनाच्या हॉस्टेलपासून जवळच आहे म्हणे. त्यांची स्वतःची छपाई आहे, हजारो पोरांचे टेस्ट पेपर तिथंच छापतात. छपाईला अनुभवी माणूस पाहिजे. कुटुंबासह राहायला दोन खोल्या.

दोन खोल्या हे वाचलं आणि पेपर बाजूला ठेवून पाणी पिऊन आलो. मग परत वाचलं.

अर्ज धाडला. फोन नंबर बायकोचा, नसीमचा दिला. माझा नंबर प्रेसचाच होता, तो शेठकडं राहिला. नवीन घेईन घेईन म्हणतोय.

हे झालं तर सना तिथंच राहील, आमच्याजवळ राहून शिकेल. नाही झालं तर डिसेंबरात बोचकं घेऊन घरी. नांदेडला काय शिकता येत नाही का, असं शेजारी म्हणतात. येतं की. पण असं मध्येच हरून आलेलं पोर पुन्हा पुस्तक उघडत नाही, आमच्या गल्लीत दोन पाहिलेत मी.

९ नोव्हेंबर, रविवार

नसीमच्या चुलतभावाकडं दावत. नसीम म्हणाली, एक वाजता पोचायचं. मी दोनच्या हिशेबानं निघालो. बरोबर वेळेवर पोचलो, पहिलीच पंगत बसत होती.

हे आमच्या घरात असंच चालतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिच्या सख्ख्या भावाच्या निकाहला मी पोचलो तेव्हा लोक हात धूत होते. तेव्हापासून नसीम मला प्रत्येक वेळ तासभर आधीची सांगते. मला ते सहा महिन्यांत कळलं. मग मी तिच्या वेळेत एक तास मिळवायला लागलो. ते तिला कळलं की नाही, देव जाणे. कळलं असणारच. पण दोघांनी कधी विषय काढला नाही आणि गाडी रुळावर चालली. एसटी असो, दवाखाना असो, ती नऊ म्हणाली की दहा. सनालाही पाठ आहे.

सनाचा फोन आला संध्याकाळी. हॉस्टेलात रविवारीच फोन देतात, तोही जरा वेळ. "खाना?" विचारलं तर "हौ". "नींद?" तर गप्प.

१२ नोव्हेंबर, बुधवार

बोलावलं! लातूरहून नसीमच्या मोबाइलवर फोन आला. मी मशिदीत होतो. परत आलो तर दारातच उभी, पदराला हात पुसतेय, चेहरा उजळलेला.

"सोमवार को इंटरव्ह्यू. दस बजे. कोई जाधव मॅडम थी."

म्हणजे अकरा. पाचची गाडी पकडायची गरज नाही, साडेसहाची बास. पांढरा शर्ट इस्त्रीला दिला. नसीम दोनदा म्हणाली, "दस बजे, हां." म्हटलं हो गं बाई, कळलं.

ती दोनदा बोलली तेव्हा माझं डोकं कुठं होतं? (हे नंतर लिहिलंय. वरचं तसंच राहू दिलंय.)

१७ नोव्हेंबर, सोमवार

लिहवत नाही. तरी लिहितो.

चाकूर मागं पडलं तेव्हा हिशेब केला, सव्वादहापर्यंत लातूर, रिक्षानं दहा मिनिटं, अकराला वेळच वेळ. खूश होऊन खिडकीतून बाहेर बघत होतो. गाढव.

क्लासचं फाटक बंद. वॉचमन मामा आत स्टुलावर.

"कुनाला भेटायचंय?"

"इंटरव्ह्यू आहे. अकराचा."

"अकराचा न्हाई, धाचा व्हता. गेट बंद झालं. आत चौघं बसलेत बघा, कवापासून."

"मामा, नांदेडहून आलोय."

"आता एक जन तर परभनीहून आलाय की. टायमाला."

बाजूला जाऊन टपरीवाल्याच्या फोनवरून नसीमला लावला. टाइम कितीचा बोलले होते? तिला वाटलं मी लवकर पोचून बाहेर उभा आहे. हसत म्हणाली, "दस बोले तो दसइच. इसमें थोडीच झूठ बोलूंगी. दुआ पढ़के अंदर जाओ."

बरं म्हणालो. ठेवला.

मामानं दया येऊन आत विचारलं. जाधव मॅडम फाटकापर्यंत आल्या, आत घेतलं नाही. रागावल्याही नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "इथं नऊचा पेपर नऊला पोरांच्या हातात पडतो. पाच मिनिटं उशीर झाला तर पोरं रडतात, पालक भांडतात. छपाईवाला माणूसच उशिरा आला तर सरांना मी काय सांगू?" बारा पस्तीसच्या मुहूर्ताचं उत्तर होतं, ते इथं कामाचं नव्हतं.

हॉस्टेलच्या समोरच्या फुटपाथवर थोडा वेळ उभा राहिलो. आज भेटीचा दिवस नाही. भेटून तरी काय तोंड दाखवणार.

घरी आल्यावर नसीमनं विचारलं, "कैसा हुआ?"

"झाला. कळवतो म्हणाले."

हे मी बोललो. तोंडातून निघालं आणि मग परत घेता येईना.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

नसीमनं खिचडी-खट्टा केला, माझ्या आवडीचा. किती लोक होते? सर कसे होते? काय विचारलं? मी सांगत गेलो. सर जाडे आहेत म्हणालो. का म्हणालो? मी त्यांना पाहिलंही नाही.

राग तिचाच येतोय. इतकी वर्षं खोटी वेळ सांगितली आणि नेमकी त्याच दिवशी खरं बोलायची बुद्धी झाली. असं मनात म्हणतो, मग दुसरं मन म्हणतं, चोराच्या उलट्या बोंबा. तासभर आधीची सवय तिनं लावली खरी, पण कुणामुळं?

अर्धं टाकून उठलो. तिनं पान बघितलं आणि झाकून ठेवलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

फुटलं.

मी बाजारात गेलो होतो. हिला धीर धरवेना, आलेल्या नंबरवर हिनंच फोन लावला, निकाल काय म्हणून. जाधव मॅडम म्हणाल्या, नांदेडचे गृहस्थ तर आत आलेच नाहीत, वेळ होऊन गेली होती.

घरात शिरलो तर शेगडीजवळ बसलेली, गॅस बंद.

"तुम लातूर गयेइच नै थे क्या?"

खिशातून एसटीचं तिकीट काढून दाखवलं. जणू त्यानं माझी सुटका होणार होती. तिनं तिकीट हातात घेतलं, बघितलं, आणि म्हणाली, "इससे तो नै जाते तो अच्छा था."

मग सगळं सांगितलं. तास मिळवला ते. साडेसहाची गाडी. मामा. सगळं.

ती ऐकत होती. मी म्हटलं, मग तसं सांगायचं ना, ही खरी वेळ आहे म्हणून.

"लड़की का सवाल था. इसमें भी बोलना पड़ता क्या?" आवाज चढवला नाही तिनं. "शादी कू इत्ते साल हुए. एक बार सच्चा टाइम बोली तुमकू. एकइच बार."

ती उठून मागच्या दारी गेली. तिथं नळ नाही, मोरी नाही, काहीच काम नाही, तरी बराच वेळ तिथं होती.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज दुसरा तमाशा. नसीमनं परत फोन केला जाधव मॅडमना. मी पलीकडच्या खोलीत. हिचं मराठी ऐकू येत होतं.

"मॅडम, चूक माझी हाय. आमच्या घरात टाइम एक तास आदीचा सांगतात. मी ह्या वक्ताला खरा सांगितला आन् ह्यांनी खोटा समजला. मानूस कामाला लई चोख हाय. एक डाव बघा तुम्ही."

जमीन दुभंगावी असं वाटलं. घरातली झाकली मूठ आता लातूरच्या ऑफिसात उघडी पडली. फोन ठेवल्यावर भडकलोच मी. इज्जत ठेवलीस का माझी? तर म्हणे, "इज्जत गेट के बाहर रख के आए ना तुम? मैं उठा के लाई."

"मॅडम काय म्हणाल्या?"

"हँसी. बोली, हमारे घर में भी घड़ी आगे करके रखते."

हसली म्हणे. म्हणजे काय समजायचं? घेतात की चेष्टा करतात?

२३ नोव्हेंबर, रविवार

सनाचा फोन. तिला इंटरव्ह्यूचं काही सांगितलेलं नव्हतं, तिच्या आईनं आज सांगून टाकलं. मग म्हणाली, अब्बूकू दो.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी हॉस्टेलात पालकांना भेटू देतात, एक ते दीड. तेवढाच वेळ.

"इस शनिचर कू आओ अब्बू. बॅग भर के रखी मैं. आए तो बात करेंगे. नै आए तो मैं समझ जाती, अगले दिन बस में बैठ जाती."

"येतो. नक्की येतो."

"एक बजे." थांबली. "और मैं अम्मी नै हूं. एक बोली तो एक."

फोन ठेवल्यावर नसीमनं विचारलं काय म्हणाली. शनिवारी एक वाजता, एवढंच सांगितलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

जाधव मॅडमचा फोन, या खेपेला मीच घेतला. ज्याला निवडलं होतं तो परभणीवाला जुनी नोकरी जानेवारीशिवाय सोडू शकत नाही. डिसेंबरात टेस्टांचा सपाटा असतो. "शनिवारी दहाला या. मोठे सर स्वतः बघतील. सांगून ठेवते, ही माझी शेवटची शिफारस."

शनिवार! दहाला इथं, एकला सना. दोन्ही एकाच दिवशी, एकाच गावात, मध्ये तीन तास. अल्लानं जमवून आणलं म्हणायचं. नसीमनं फातेहा दिली. सनाला कळवायची सोय नाही, वॉर्डनबाई फोन देत नाहीत. राहू दे, समोरासमोरच सांगतो.

मोबाइल घेतला अखेर. नवा नंबर पाठ करतोय, विचारला तर अडखळायला नको.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आजच निघून आलो. लातूर, नसीमच्या मामूंकडं, गंजगोलाईच्या बाजारामागं. निघताना नसीमनं चिवड्याचा डबा दिला सनासाठी. "गाड़ी कितने बजे की?" मीच विचारत होतो तिला, जन्मात पहिल्यांदा. ती म्हणाली, "बोर्ड पे देखो. मैं अब टाइम नै बोलती."

थट्टा होती. पण डोळे थट्टेचे नव्हते.

मामूंनी जेवायचा आग्रह केला, दोन घास खाल्ले. इथून क्लास चालत जायच्या अंतरावर. दुपारी एकदा जाऊन रस्ता बघून आलो, फाटकाला हात लावून आलो. वॉचमन मामानं ओळखलं. "आज कशाला आलाव? उद्या हाय न्हवं?" म्हटलं हाव, बघायला आलो.

२९ नोव्हेंबर, शनिवार

९.१५. आत बसलोय. लाकडी बाक, भिंतीवर डॉक्टर झालेल्या पोरांचे फोटो. माझ्याशिवाय दोघं आहेत. एक सोलापूरचा, गप्पिष्ट. दुसरा सारखा फाइल उघडतो.

१०. बोलावलं नाही अजून. ठीक.

१०.४०. मोठे सर आलेच नाहीत. "रस्त्यात आहेत," जाधव मॅडम. सोलापूरवाला म्हणाला, काय हो, दहा म्हणजे दहाच म्हणाले होते ना?

११.३०. रस्त्यातच. पाणी पिऊन आलो. वॉचमन मामाला विचारलं, सर नेहमी असेच? तो म्हणाला, "गेट पोरायसाठी हाय साहेब, आमच्यासाठी हाय. सरायला कोन गेट लावनार?"

राग येतोय. मी उशिरा आलो तर मी बेजबाबदार. हे उशिरा आले तर कामात. पण राग धरून परवडणारा माणूस मी नाही आज. बसलोय.

१२.१०. सना आता तयार होत असेल. की तयार होऊन बसली असेल? वॉर्डनच्या खोलीत एक घड्याळ आहे मोठं, ती त्याच्याकडं बघत असेल.

१२.३०. मॅडमजवळ गेलो. मुलीचं सांगितलं. हॉस्टेल इथून पंधरा मिनिटांवर, जाऊन येतो, दोनच्या आत परत. त्यांनी डोकं धरलं. "रशीदभाई, सर अर्ध्या तासात पोचतील. तुम्ही नसलात तर मी काय सांगू? परत बाहेर गेले? एकदा सांभाळून घेतलं मी तुम्हाला." मग हळू आवाजात, "फोन करून सांगा की मुलीला."

तोच तर मिळत नाही. तीनदा लावला. वॉर्डनबाई उचलतच नाहीत.

१२.४०. हे काम कुणासाठी पाहिजे मला? तिच्यासाठीच ना. मग तिला भेटायला गेलो तर काम जातं. काम धरलं तर ती जाते, उद्याच्या बसनं. इकडं आड तिकडं विहीर. नसीमला फोन लावू का? ती काय म्हणेल ते माहीत आहे. नाही, माहीत नाही.

उठतो.

(पुढचं संध्याकाळच्या गाडीत लिहितोय. अक्षर हलतंय.)

मॅडमना म्हटलं, सर आले तर सांगा नांदेडचा माणूस साडेनवाच्या आधी आला होता. आणि निघालो. मामानं फाटक उघडलं.

रिक्षा मिळेना. चालत सुटलो, मग अर्धं पळत. या वयात, पांढऱ्या शर्टात. एकच्या आत पोचलो, धाप लागलेली. भेटीच्या खोलीत आठ-दहा पालक. सना कोपऱ्यात, पाठमोरी, बॅग पायाशी.

"सना."

वळली. आधी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आ गए?"

चिवड्याचा डबा दिला. बसलो. म्हणाली, शर्ट ओला कायकू झाला इतका? तेव्हा सांगितलं. इंटरव्ह्यू, मोठे सर, अर्धा तास, मॅडमची शेवटची शिफारस.

आणि पोरगी उसळलीच.

"तुम पागल है क्या अब्बू? इंटरव्ह्यू छोड़ के आए? मेरे वास्तेच तो है ना वो? मेरे वास्ते का काम छोड़ के मेरेकूच मिलने आए? उठो, जाओ! अब्बी जाओ!"

सगळे बघायला लागले. एका बाईनं पदर तोंडाला लावला. वॉर्डनबाई आल्या, "सना, हळू." ही ऐकेना. मला दंडाला धरून उठवत होती. उठवता उठवता रडायला लागली, आणि रडता रडता हसायला. इतका घाम, इतका चिवडा सांडलेला, आणि आम्ही दोघं भर खोलीत. जूनपासून तिला हसताना मी पाहिलं नव्हतं. मलाही रडू आलं, लपवलं नाही.

"मेरेकू लगा तुम नै आते," एवढंच म्हणाली नंतर. उरलेला चिवडा मात्र खाल्ला, मूठभर. मी बघत होतो.

दीडला घंटा. बॅगबद्दल विचारणार होतो, तिनंच ती उचलली आणि आत गेली. आत म्हणजे रूमकडं. उघडेल की तशीच ठेवेल, कोण जाणे.

परत आलो तर फाटक उघडंच, सरांची गाडी उभी होती. सर मी गेल्यावर थोड्याच वेळात आले होते. दोघांचे इंटरव्ह्यू उरकले, जेवायला बसले होते. मॅडम माझ्याकडं बघेनात. तरी म्हणाल्या, बसा.

तीनच्या पुढं बोलावलं. सर बारीक अंगाचे आहेत, जाडे नाहीत. मशीनचं दोनच विचारलं, शाई आणि कागद. मग चष्मा काढून, "दहाला बोलावलं होतं. एक वाजता कुठं होतात?"

वाटलं माफी मागावी. मॅडम दारातून खुणा करत होत्या, तशाच. पण तोंडातून निघालं ते निघालं.

"सर, तुम्ही दहाची वेळ दिली होती, ती मी पाळली. मुलीनं एकची दिली होती, तीही पाळली."

सरांनी माझ्याकडं बघितलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडं. चष्मा पुन्हा लावला.

"कळवतो," म्हणाले.

मॅडमनी बाहेर आल्यावर कपाळाला हात मारला. म्हणाल्या, "असं कुणी बोलतं का सरांना?" आणि थांबून, "आजवर कुणी बोललं नव्हतं." यातलं कुठलं चांगलं आणि कुठलं वाईट, मला कळलं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

नसीमला सगळं सांगितलं, या वेळी खरं, जसंच्या तसं. उठून गेलो ते ऐकताना तिनं ओठ चावला. सरांना दिलेलं उत्तर ऐकून म्हणाली, "गया काम." मग भांडी घासायला बसली. घासता घासता म्हणाली, "अच्छा किए." दोन्ही तीच बोलली, दोन्हींत एक ताट धुण्याइतकं अंतर.

सकाळपासून दोघांचे कान दाराकडं. लातूरची पहिली गाडी येऊन गेली. दुपारची येऊन गेली. सना उतरली नाही.

संध्याकाळी तिचा फोन आला, हॉस्टेलातूनच. नसीम रडायला लागली. मी घेतला.

"सर ने कुछ बोला?"

"नाही अजून."

"हूं." मग फिजिक्सच्या टेस्टचं काहीतरी सांगत बसली, मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. ऐकत राहिलो.

३ डिसेंबर, बुधवार

फोन नाही. नवा मोबाइल आणि नसीमचा, दोन्ही कोनाड्यातल्या फळीवर शेजारी शेजारी ठेवलेत, दोन्ही मुके. काल लावला तर जाधव मॅडम म्हणाल्या, "सर काही बोलले नाहीत हो. नाही असंही बोलले नाहीत."

शेठ भेटले बाजारात. म्हणाले हैदराबादला मशीन बसवायला माणूस पाहिजे, जातोस का, पगार बरा आहे. हैदराबाद. लातूरपासून आणखीच लांब. रविवारपर्यंत सांगतो म्हणालो.

डिसेंबर लागून तीन दिवस झाले. सनानं मुदत दिली होती ती संपली. ती आली नाही. राहते असंही म्हणाली नाही. मी विचारलं नाही. नसीम म्हणते, पूछो ना. मी म्हणतो, तू विचार. दोघंही विचारत नाही, कारण आज ती तिथं आहे, आणि विचारलं तर उत्तर येईल.